साडूच्या गाडीची मागची काच

चहा उकळतोय तोवर सांगून टाकतो. कपबशी हातात असताना ही गोष्ट ऐकणाऱ्या दोघांचे सदरे खराब झालेले मी स्वतः पाहिलेत, म्हणून म्हटलं आधीच उरकावं. चुका माझ्या हातून पुष्कळ झाल्या. पण हातात तांब्या घेऊन, आजूबाजूला कोणी बघत नाही ना याची खात्री करून, अगदी मन लावून केलेली चूक मात्र ही एकच.

आधी एक कबुली देतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. मला माझ्या साडूचा हेवा वाटायचा. प्रल्हादराव त्याचं नाव. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, लोणारचा, तिकडे रस्त्याची-पुलाची कंत्राटं घ्यायचा. माणूस वाईट नव्हता. हीच तर अडचण होती. वाईट असता तर चारचौघांत नावं ठेवता आली असती आणि पोटातली आग थोडी कमी झाली असती. पण तो हसतमुख, कामाला तत्पर, आणि उंचीला माझ्यापेक्षा चार बोटं जास्त. आम्ही सासुरवाडीला शेजारी शेजारी जेवायला बसलो की मला त्याच्या ताटातली पोळी मोठी दिसायची. पोळ्या एकाच तव्यावरच्या, एकाच सासूच्या हातच्या. तरी मोठी दिसायची.

आता मोटारीचं ऐका. महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. धामणगाव बढ्याला माझं कापडाचं दुकान, बरं चाललेलं. एका वर्षी जरा जास्तच बरं चाललं आणि मी नागपूरच्या एका गृहस्थाकडून जुनी मोटार घेतली. काळी. गावातली ती पहिली खासगी गाडी. माझी सासुरवाडी मोताळ्याची. गाडी घेऊन पहिल्यांदा तिथे गेलो तेव्हा सासरे, म्हणजे आमचे मामाजी, चार प्रतिष्ठित माणसं ओट्यावर बसलेली असताना म्हणाले, "दिनकरच्या लग्नात नवरदेव मोठ्या जवायाच्याच गाडीत बसन. हा माह्या शब्द हाय."

दिनकर माझा मेव्हणा. नवरदेवाला आपल्या गाडीत बसवून मुलीच्या गावी न्यायचं, पुढे वाजंत्री, मागे वऱ्हाड, आणि गाडी हाकायला मी. हा मान म्हणजे काय चीज असते हे ज्याला मोठा जावई होण्याचं भाग्य लाभलंय त्यालाच कळेल. मी घरी आल्यावर रिकाम्या रस्त्यावर हळू गाडी चालवायचा सराव सुरू केला. वाजंत्र्यांच्या चालीनं.

आठ महिने मी सासुरवाडीला 'मोटारवाले जवाई' होतो. नवव्या महिन्यात प्रल्हादनं मोटार घेतली.

कोणती घेतली असेल? तीच. त्याच कंपनीची, त्याच काळ्या रंगाची, आणि त्याच नागपूरच्या गृहस्थानं मिळवून दिलेली. एवढंच नाही. माझ्या गाडीच्या मागच्या काचेला आतून पडदा होता, हिरव्यावर पांढरी फुलं, माझ्या दुकानातल्या कापडाचा, माझ्या बायकोनं शिवलेला. उरलेला तुकडा तिनं मला न विचारता बहिणीला दिला. झालं, त्याच्याही गाडीला हिरव्यावर पांढरी फुलं. मी दोन दिवस बायकोशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "काऊन बोलत नाही?" मी म्हटलं, "काही नाही." पडद्यावरून रुसलो असं कोणत्या तोंडानं सांगू?

आता काच. बायकोच एकदा म्हणाली, "आपल्या गाडीच्या मांगच्या काचेले चीर गेली दिसते."

मी म्हटलं, "केस असन तुह्या."

मग एकदा मोताळ्याच्या बाजाराच्या दिवशी गाडी गफूर मिस्त्रीकडे दाखवायला नेली, वेगळ्याच कामासाठी. गफूरभाई म्हणजे त्या भागातला मोटारींचा वैद्य. त्यानं गाडीच्या मागे उभं राहून मला हाक मारली. मी आणि बायको पुढेच बसून होतो.

"शेठ, मांगची काच बदलून टाका. पहिल्या मालकानं साधी काच बसवेल हाय, घराच्या खिडकीची. खालच्या कोपऱ्यातून वीतभर चीर चढली."

"वीतभरच ना?"

"आज वीतभर हाय. चीर चालत राह्यते, शेठ. गड्ड्यात गाडी आपटली का चालली, दरवाजा जोरात लावला का चालली. अन् उन्हात तापल्या काचेवर थंडं पाणी पडलं का मंग संपलंच."

"मंग कवा बदलू?"

"चीर दिसली त्याच दिवशी. ते काही सांगून फुटत नाही."

यावर मी जे बोललो ते आजही आठवलं की कान गरम होतात. मी म्हटलं, "गफूरभाई, गाडी पुढं जाते का मांगं?"

"पुढं."

"मंग मांगच्या काचेचं एवढं काय घेऊन बसले?"

आणि मी गाडी सुरू केली. खाली उतरून काच पाहिलीसुद्धा नाही. तुम्ही म्हणाल, असं कसं? अहो, आपल्या गाडीची पाठ कोण बघतं? मी रोज सकाळी पुढं उभा राहायचो, बॉनेट पुसायचो, दिवे पुसायचो, त्यात माझा चेहरा बघायचो. पाठ ही दुसऱ्यांनी बघायची वस्तू. शिवाय आतून पडदा ओढलेला. चार महिने गफूर जिथे भेटेल तिथे "शेठ, काच" म्हणायचा आणि मी "पाहू" म्हणायचो.

लग्न आलं ऐन एप्रिलात. गोरज मुहूर्त, मुलीचं गाव आठ-दहा मैलांवर, म्हणजे दुपारी चारच्या सुमाराला मोताळ्याहून निघायचं. मी सकाळीच पोचलो. बघतो तर प्रल्हाद आदल्या संध्याकाळीच लोणारहून आलेला, आणि त्याची गाडी फाटकाजवळ, तोंड रस्त्याकडे करून, सगळ्यात पुढे उभी. माझ्यासाठी जागा राहिली आत, लिंबाच्या झाडाखाली. सावली गर्द होती, जागा चांगली होती. पण फाटकाजवळची गाडी म्हणजे नवरदेवाची गाडी, हे शेंबड्या पोरालाही कळतं. आणि मामाजींनी तो 'शब्द' प्रल्हादची गाडी आल्यापासून एकदाही पुन्हा उच्चारला नव्हता. 

जावई लग्नात रुसतो, ही काही मी काढलेली पद्धत नाही. जुनी आहे आणि सोयीची आहे. मी जेवताना रुसलो. सासूबाई वांग्याची भाजी वाढायला आल्या, मी ताटावर हात आडवा धरला. जिलेबी आली, हात आडवा. मनात जिलेबीबद्दल फार वाईट वाटलं, पण हात काढला नाही. मग सगळ्या पंगतीला ऐकू जाईल अशा बेतानं म्हटलं, "आमाले पुरे झालं बापा. आमी मांगचेच लोकं. आमची गाडीबी मांगंच बरी हाय."

 मामाजी पाण्याचा पेला बघत बसले. प्रल्हादनं माझ्याकडे पाहिलं. मी हात धुतले, सदरा खुंटीला अडकवला, गाडीची चावी त्याच्याच खिशात, आणि माडीवरच्या खोलीत जाऊन पडलो. उपाशी पोटी आणि रागात झोप मोठी गाढ लागते. माझ्या सगळ्या फजितीची सुरुवात त्या झोपेत आहे, एवढं लक्षात असू द्या.

अडीचच्या सुमाराला जागा झालो. उठून खिडकीशी आलो. खाली अंगणात बायकांनी दोन्ही गाड्या सजवून ठेवलेल्या. उन्हानं रंग खराब होऊ नये म्हणून दोन्हींच्या टपावर आणि पुढच्या अंगावर पांढऱ्या चादरी पसरलेल्या, दोन्हींच्या नंबरावर आंब्याच्या पानांचं तोरण. उघडी होती ती फक्त मागची काच. फाटकाजवळच्या गाडीची पाठ माझ्याकडे होती, ऊन तिच्यावर सरळ पडलेलं, आणि त्या काचेत काहीतरी चमकलं.

एक रेघ.

मी अनवाणी खाली धावलो. अंगणातली फरशी तव्यासारखी तापलेली, पण मला पाय आहेत याचीच शुद्ध नव्हती. जवळ जाऊन पाहिलं. तडा होता. खालच्या कोपऱ्यातून निघून वीत-सव्वावीत वर चढलेला. प्रल्हादच्या गाडीला तडा! खरं सांगतो, माझ्या दुकानाच्या मुहूर्ताला झाला नव्हता एवढा आनंद मला त्या उन्हात झाला. मी त्या रेघेवरून बोट फिरवून पाहिलं. चटका बसला, तोही गोड वाटला.

तसाच मांडवात गेलो. मामाजी तिथे नारळ मोजून पोत्यात भरायला लावत होते. शेजारी पाच-सात पाव्हणे.

"मामाजी, फाटकाजवळच्या गाडीच्या मांगच्या काचेले चीर हाय."

मामाजींनी हातातला नारळ खाली ठेवला. "हाव. पाह्यली म्या."

"पाह्यली? अन् काही बोलले नाही?"

"आता कसं बोलाव, जवाईबापू? बोलणं बरं दिसत नाही. तुमीच सांगा, काय कराव?"

मला वाटलं, मोठा जावई म्हणून माझा सल्ला विचारतायत. मग मी सुटलो. गफूरनं चार महिन्यांत मला जेवढं सांगितलं होतं तेवढं सगळं, शब्दाला शब्द, मी त्या मांडवात ओतलं. चीर दिसली त्याच दिवशी काच बदलायची असते. चीर चालत राहते. गड्ड्यात आपटली की चालते, दरवाजा लावला की चालते. मागची काच म्हणून दुर्लक्ष करणारा माणूस गाडी बाळगायच्या लायकीचाच नाही. आणि मुहूर्ताच्या दिवशी फुटक्या काचेच्या गाडीत नवरदेव? पाव्हणे माना हलवायला लागले, तसा मला आणखी जोर चढला.

मामाजी हळूच म्हणाले, "म्हंजे नवरदेव त्या गाडीत नको म्हणता?"

"नकोच."

"मनापासून म्हणता?"

"पोटातून म्हणतो."

मामाजींनी उपरण्यानं डोळे टिपले. एक म्हातारे पाव्हणे म्हणाले, "असा जवाई पाहाले भेटत नाही आजकाल." मला थोडं नवल वाटलं, एका तड्यासाठी एवढं कौतुक? पण कौतुक कोणाला नको असतं. मी मान खाली घातली.

तेवढ्यात प्रल्हाद आला. त्याला कोणीतरी सांगितलं असावं. माझा हात हातात घेऊन म्हणाला, "साडूभाऊ, आसं करू नका. मानाचा प्रश्न हाय. माझ्या मनाला बरं वाटंना."

वाटणार कसं, मी मनात म्हटलं. त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्यासाठी मला थोड्या टाचा उचलाव्या लागल्या. "वाईट वाटून घेऊ नको, प्रल्हाद. होते असं. गाडी घेनं सोपं हाय, सांभाळनं सगळ्याइले जमत नाही."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. नीट, डोळे बारीक करून पाहिलं. मग त्याच्या मिशीखाली काहीतरी हललं आणि तो म्हणाला, "खरं हाय, साडूभाऊ. सगळ्याला न्हाई जमत."

आता इथे मला शंका यायला नको होती? पण हेव्यानं माणसाचे डोळे असे काही बांधलेले असतात की समोर हत्ती उभा राहिला तरी तो साडूचाच असणार असं वाटतं.

मामाजींनी गफूरला बोलावणं धाडलं. तो आला, काचेवर नखानं टकटक केलं, कान लावला, आणि सरळ माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "चार महिने झाले, सांगून सांगून माह्या तोंडाले फेस आला. आता तरी बदलसान का नाही?"

मला वाटलं, म्हणजे यानं प्रल्हादलाही चार महिने सांगितलंय, आणि आता मोठा म्हणून माझ्याकडे गाऱ्हाणं करतोय. मी म्हटलं, "बदलाले लावतो ना मी. उद्याच लावतो. आज चालन का नाही ते सांग."

"आजच्या दिवस निघन. हळू चालवा, दरवाजे आपटू नका."

त्याबरोबर मामाजींनी मांडीवर थाप मारली. "ठरलं मंग. नवरदेव याच गाडीत बसन. म्या चार माणसाइत शब्द देल्ला हाय, काचेपायी मी शब्द खाली पडू देनार नाही."

माझ्या डोक्यात घण बसला. शब्द? शब्द तर मला दिला होता. प्रल्हादला कधी दिला? माझ्या माघारी? कोणती चार माणसं? मी वर्षभर वाजंत्र्यांच्या चालीनं गाडी चालवायचा सराव करतोय, आणि इकडे लोणारवाल्याला शब्द देऊन मोकळे. तडा गेलेली गाडी चालते, पण माझी धडधाकट गाडी चालत नाही! मी तिथून उठलो. लाज कसली सांगायला. रडू आलं होतं मला.

थोड्याच वेळात नवरदेवाला आंघोळ घालायला सगळे मागच्या अंगणात गेले. पुढे कोणी नाही. फक्त मी, ती गाडी आणि लिंबाखालचा रांजण. रांजणातलं पाणी एप्रिलात किती गार असतं, तुम्हाला माहीत आहे. मला गफूरचं वाक्य आठवलं. तापल्या काचेवर थंडं पाणी.

मी स्वतःला समजावलं. नवरदेवाची गाडी धुतलेली असावी. मोठ्या जावयानं धुतली तर त्यात गैर काय? उलट मनाचा मोठेपणाच दिसतो. असं म्हणत तांब्या बुडवला, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि काचेवर ओतला.

कट् असा आवाज आला. रेघ कोपऱ्यातून निघाली आणि पार दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत गेली. पण काच जागेवरच. मी दुसरा तांब्या भरला. तेव्हाच थांबलो असतो तर, असं मी पुष्कळदा मनाशी म्हणतो. नाही थांबलो. दुसरा तांब्या ओतला आणि अख्खी काच खळ्ळकन पडद्यासकट आत कोसळली.

आवाज ऐकून मागच्या अंगणातलं सगळं लग्न पुढे आलं. मामाजी, सासूबाई, पाव्हणे, गफूर, अर्ध्या आंघोळीतला नवरदेव, सगळे. आणि मध्ये मी, तांब्या घेऊन.

"जवाईबापू, हे काय केलं?"

मी आधीच तोंड तयार करून ठेवलं होतं. "पाहा आता. मी सांगत नव्हतो? नुसतं गाडी धुवाले गेलो तं फुटली. हेच रस्त्यात नवरदेवाच्या मानेवर पडलं असतं म्हंजे?"

 माझी बायको पुढे आली. तिनं काचेच्या जागेतून जपून हात आत घातला आणि मागच्या बाकावरचं कागदाचं पुडकं बाहेर काढलं. कागद भिजून लोंबत होता. आत राखी रंगाचा नवा कोट. चुरगळू नये म्हणून मी सकाळी स्वतः बाकावर आडवा ठेवलेला, खास या लग्नासाठी मलकापूरच्या शिंप्याकडून शिवून घेतलेला माझा कोट. त्याच्या दोन्ही खिशांत काचा.

मी म्हटलं, "माह्या कोट याच्या गाडीत कसा आला?"

"कोनाच्या?" बायको म्हणाली.

तिनं वाकून नंबरावरचं तोरण बाजूला केलं. मी नंबर वाचला. पुन्हा वाचला. नंबर माझ्या चांगल्या ओळखीचा होता. दुकानात गल्ल्याच्या मागच्या भिंतीवर मी तो हौसेनं रंगवून घेतला होता.

प्रल्हाद हळूच म्हणाला, "जेवताना तुमी मागचे लोक म्हनालात, मला फार लागलं, साडूभाऊ. मोठ्यांची गाडी मागं ऱ्हावी हे बरं न्हवं. तुमी झोपल्यावर ताईकडून चावी घेतली. तुमची गाडी पुढं आनली आन् माझी लिंबाखाली लावली. तुमाला उठवलं न्हाई, म्हनलं झोपू द्यावं."

मी लिंबाखाली पाहिलं. चादर पांघरून दुसरी गाडी सावलीत गार उभी होती. तिची मागची काच आरशासारखी स्वच्छ. पडदा हिरवा, त्यावर पांढरी फुलं.

म्हणजे मामाजींचा शब्द मलाच दिलेला होता. माझ्याच गाडीला. तो मोडू नये म्हणून ते माझ्याशीच भांडत होते. गफूर माझ्याशीच बोलत होता. गाडी बाळगायच्या लायकीचा नसलेला तो बेफिकीर माणूस मीच होतो, आणि भर मांडवात मीच तसं सांगितलं होतं.

मी तोंड उघडलं. काय बोलणार होतो देव जाणे. पण त्याआधीच मामाजींनी मला मिठी मारली. सगळ्यांकडे वळून भरल्या गळ्यानं म्हणाले, "पाहा बापहो. म्या मान देऊन राह्यलो, तं हे नको म्हणून राह्यले. म्या ऐकलं नाही, तं सोताच्या हातानं सोताच्या गाडीची काच फोडली, का लहान साडूले मान भेटाव. कोनाच्या घरी हाय असा जवाई?"

पाव्हण्यांचे डोळे भरले. सासूबाईंनी माझ्यावरून बोटं मोडली. आता मला सांगा, त्या क्षणी खरं काय ते सांगायला केवढं धैर्य लागलं असतं? मी तांब्या खाली ठेवला आणि नम्रपणे मान खाली घातली.

नवरदेव प्रल्हादच्या गाडीत बसला. पुढे वाजंत्री, मागे वऱ्हाड. माझा कोट दोरीवर वाळत होता, म्हणून प्रल्हादनं त्याच्याजवळचा जास्तीचा कोट मला दिला. बाह्या बोटांच्या खाली येत होत्या. माझी गाडी सगळ्यात शेवटी, भांडी आणि नारळाची पोती घेऊन. मागची काच नसली की काय होतं, हे गफूरनं मला सांगितलं नव्हतं. रस्त्यावरची धूळ सगळी मागून आत येते आणि जायला तिला वाट नसते, मग ती माणसांवर बसते. वाजंत्र्यांच्या चालीनं गाडी चालवायचा माझा सराव तेवढा कामी आला. आम्ही हळू, अगदी हळू धूळ खात गेलो.

बायको पूर्ण रस्ता तोंडाला पदर लावून बसली होती.  मुलीच्या गावाची वेस दिसली तेव्हा तिनं पदर थोडा खाली केला.

"मी म्हणते, गाडी पुढं जाते का मांगं?"

मी गाडी हाकत राहिलो. दात धुळीनं भरले होते.

दुसऱ्या दिवशी मी काच बदलायला लावली. गफूरनं चांगली, मोटारीची काच मागवून बसवली. पण नाव झालं ते झालंच. सासुरवाडीच्या गोतावळ्यात अजून माझा दाखला देतात. कोणाचं लग्न निघालं की मला मोठ्या आदरानं बोलावतात आणि गाडीत भांडी भरतात. मानाचं विचारावं तर म्हणतात, "त्याइले मान नको असते बापा, त्याइचं मन मोठं हाय." मोठं मन घेऊन मी आजवर अकरा नवरदेवांच्या मागे धूळ खाल्ली.

तरी मी एवढ्यावर समाधान मानत होतो, की खरी गोष्ट बायको सोडून कोणाला ठाऊक नाही. पुढच्या वर्षी दिवाळीला आम्ही दोघे साडू मोताळ्याला भेटलो. चहा पिऊन प्रल्हादनं मला अंगणात नेलं, त्याच्या गाडीच्या मागे उभं केलं आणि काचेच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. एक रेघ होती. बोटभर, पण होती. आणि यावेळी मी आधी नंबर वाचून घेतला. त्याचाच होता.

"तुमी यातले जानकार, साडूभाऊ. काय करू? बदलू का चालंल?"

माझ्या मनात काय उमललं ते मी तुमच्यापासून लपवणार नाही. समोर फाल्गुनात त्याच्या पुतण्याचं लग्न होतं. मी काचेला हात लावला, विचार केल्यासारखं केलं आणि शांतपणे म्हटलं, "काही गरज नाही. मांगची काच कोन पाह्यते? चांगली दोन-चार वर्षं जाईन."

प्रल्हादनं मान डोलावली. मिशीखाली तेच, मांडवातलं, काहीतरी हललं. त्यानं दार उघडलं, गाडी सुरू केली आणि खिडकीतून म्हणाला, "मग आजच बदलून घेतो. आन् साडूभाऊ, तो माझा कोट ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं. तुमाला लागंल."